पायी चढलेला घाट

होळी होऊन आठवडा झाला असेल. रविवार होता. सकाळच्या पहिल्या गाडीनं मी बुलढाण्याहून घाट उतरलो आणि खालच्या गावाच्या फाट्यावर गाडी थांबवायला सांगितली. कंडक्टर मुलगी ओळखीची होती. बेल मारून तिनं विचारलं, "काका, इथं काय काम काढलं आज?"

"काम काई नाई. पायी वर जायाचं हाये."

"वर कुठी?"

"घरी."

तिला ती गंमत वाटली. हसत हसत तिनं दार ओढून घेतलं, गाडी मोताळ्याच्या दिशेनं निघून गेली आणि मी पाठीला पिशवी लावून रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. समोर डोंगर होता. त्याच्या माथ्यावर, पठारावर, माझं गाव, माझं घर. नुकताच मी तिथूनच उठून आलो होतो.

मी ड्रायव्हर. जवळजवळ सगळी नोकरी या घाटात गेली. खाली मलकापूर, जळगाव, कधी वर उलट्या बाजूला देऊळगाव राजा आणि जालना, पण बहुतेक वेळा हाच घाट. त्याची वळणं मला हातांनी पाठ होती. गेल्या हिवाळ्यात डोळ्यांची तपासणी झाली. डॉक्टरांनी डोळ्यात थेंब टाकून बराच वेळ अंधारात बसवून ठेवलं, मग दिवा धरून पाहिलं, पुन्हा पाहिलं. म्हणाले, शुगरमुळे पडद्यावर रक्त उतरलंय, उपचार करू, अजून बिघडणार नाही एवढं पाहू. गाडीचं विचारलं तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली. त्यानंतर मी स्टिअरिंगला हात लावला नाही.

डेपोनं मला हलकं काम दिलं. चौकशीच्या खिडकीत बसायचं आणि कोणती गाडी कुठं लागली ते सांगायचं. काम खरंच हलकं आहे. पण त्यानं मी जितका थकायचो तितका दिवसभर घाट चढून-उतरून कधी थकलो नव्हतो. संध्याकाळी घरी आलो की नुसता पडून राहायचो. झोप येत नसे. बायको बोलायची, मी हूं म्हणायचो. मुलगी नोकरीला पुण्यात असते. तिचा फोन आला की बायको माझ्या हातात द्यायची, मी तब्येत बरी आहे म्हणून परत द्यायचो. सगळ्यांचं एकच म्हणणं होतं की आता आराम करा. आरामच तर चालला होता.

त्या घाटात एक पायवाट आहे. सडकेला ती दोन ठिकाणी आडवी जाते. गाडी चालवताना मी तिथून माणसं निघताना पाहायचो. डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया, शेळ्यांमागचा एखादा म्हातारा. ती माणसं कडेला थांबून गाडी जाऊ द्यायची आणि मग सडक ओलांडून पलीकडच्या झाडीत शिरायची. ती कुठून चढून आली आणि कुठं निघाली हे पाहायला मला कधी सवड झाली नाही. नजर सडकेवर ठेवावी लागते. आता नजरेला काम नव्हतं, म्हणून त्या रविवारी तीच वाट धरायची असं मी ठरवलं. यापेक्षा मोठं कारण काही नव्हतं.

बायकोला ते पटलं नव्हतं. "डोळ्यानं धड दिसत नाई अन् एकटेच डोंगरात चालले."

"दिसते मले."

"मंग मी येते संग."

"नको."

हे नको मी जरा जोरात म्हणालो असेन. पोळ्या, कोरडं पिठलं आणि कांदा असा डबा तिनं पिशवीत घातला, पाण्याच्या बाटल्या भरल्या. मी चहाबरोबर शुगरची गोळी घेतली. काहीतरी खाऊन जा असं ती म्हणत होती, पण एवढ्या सकाळी घास उतरत नव्हता. वर गेलो की जेवीन म्हणालो.

फाट्यापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत शेतं आहेत. हरभरा निघून गेला होता, गहू काही ठिकाणी उभा होता. शेवटच्या मळ्यात कांद्याचं बियाणं धरलं होतं. पांढरे गोंडे कमरेएवढे उंच उभे होते आणि त्यांच्यावर मधमाश्यांची गर्दी होती. तिथं पाणी देत असलेल्या माणसाला मी वाट विचारली. त्यानं फावड्यानं दाखवली. म्हणाला, "सरळच हाये. चुकाची जागाच नाई. पण खडी हाये बरं."

खडीच होती. पहिल्या थोड्या वेळातच कळलं की माझ्या अंगाला बसण्याची सवय आहे, चालण्याची नाही. पोट पुढं, पाठ आखडलेली. ब्रेक दाबून दाबून उजवा पाय तेवढा मजबूत, डावा मागं मागं राहायचा. थोडं चढायचं, झाडाला हात टेकून उभं राहायचं, पुन्हा थोडं. हे डोंगराचं उत्तरेकडचं अंग, ऊन उशिरा येतं, तरी घाम कानांमागून वाहत होता.

झाडांवर पान नव्हतं. सागाची मोठी वाळकी पानं वाटभर पडली होती आणि पाय टाकला की पापडासारखी मोडत होती. त्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नसे. थांबलो की मग कुठं तरी कोतवाल पक्षी ओरडायचा, लांबून मोराचा आवाज यायचा. पळस संपत आला होता. झाडावर थोडी फुलं, बाकी सगळी खाली पडून तपकिरी झालेली. एका बाजूचा सगळा उतार वणव्यात जळून गेला होता. काळी जमीन, काळी खोडं आणि त्या काळ्यात करंजाच्या एका रोपाला आलेली कोवळी, चकचकीत पालवी. माझ्या डोळ्यांना ती पालवी लख्ख दिसली. मधे मधे नजरेसमोर काळे ठिपके तरंगतात, धाग्यासारखं काही सरकतं. उन्हात ते वाढतात. त्यांच्याकडं लक्ष द्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. पण डोळ्यासमोर जे आहे त्याच्याकडं लक्ष न देणं सोपं नसतं.

सडकेला वाट पहिल्यांदा मिळते तिथं मी कठड्यावर बसलो. दम लागून छाती दुखत होती. इथून कितीदा गेलो होतो, पण त्या कठड्यावर कधी बसलो नव्हतो. दगड गार होता. पाणी प्यायलो. डबा काढावा असं वाटलं आणि मग वाटलं, अजून अर्धंही झालं नाही, एवढ्यात काय जेवायचं.

खालून गाडी चढत असल्याचा आवाज आला. गिअर बदलल्याच्या आवाजावरूनच कळलं की ड्रायव्हर नवीन आहे, थोडा आधी टाकतो. वळणावरून गाडी दिसली. चालवणारा पोरगेला माणूस, दोन वर्षांमागं आमच्या डेपोत लागलेला. सुरुवातीला तो माझ्यामागं बसून घाट शिकला होता. त्यानं मला ओळखलं. वळणाच्या पुढं जराशी सपाट जागा आहे, तिथं त्यानं गाडी घेतली आणि खिडकीतून वाकून हाक मारली.

"काका, इथं काऊन बसले? गाडी चुकली का तुमची?"

"नाई. पायी चाललो."

"पायी?" त्यानं मागं प्रवाशांकडं पाहिलं, पुन्हा माझ्याकडं. "या ना, बसा. पाच मिंटात वर सोडतो."

खिडक्यांतून माणसं बघत होती. एका बाईच्या मांडीवरचं पोरगंही बघत होतं. मला खरं तर चढून बसावंसं वाटत होतं. पण मागच्या सीटवर बसून त्याच्या हाताखाली हा घाट चढायचा हे मनाला येईना.

"तू जाय," मी म्हणालो. "टाइम होईन."

"तब्येत बरी हाये ना, काका?"

"हाव. जाय तू."

तो थोडा घुटमळला आणि गेला. पुढच्या वळणावर त्यानं गिअर वेळेवर टाकला. मी सडक ओलांडली आणि झाडीत शिरलो.

इथून पुढं वाट फार वाईट आहे. मुरूम सुटलेला, त्यावर वाळका पाला, खाली पाय कुठं टेकतोय ते दिसत नाही. शिवाय ऊन वर आलं होतं आणि उघड्या फांद्यांच्या सावल्या वाटेवर जाळ्यासारख्या पडल्या होत्या. सावली कोणती आणि खड्डा कोणता हे मला नीट ओळखता येत नव्हतं. मी काठी तोडून घ्यायला हवी होती. ती अक्कल नंतर आली.

एका ठिकाणी वाट ओढ्याच्या कडेनं जाते. ओढा कोरडा, पण खोल. पिशवीचा पट्टा खांद्यात रुतत होता म्हणून मी ती काढून हातात घेतली होती. दगड समजून ज्यावर पाय ठेवला ती सावली होती. पाय खाली गेला, मी कुशीवर पडलो आणि मुरमावरून बराच खाली घसरलो. एका धावड्याच्या मुळाला हात लागला म्हणून थांबलो. पिशवी हातातून सुटली होती. ती उड्या मारत ओढ्यात गेली. डब्याचा आवाज मी ऐकत होतो. एकदा, मग पुन्हा, मग आणखी खालून.

मी तसाच पडून राहिलो. लागलं फार नव्हतं. कोपर सोललं होतं, पँट गुडघ्यावर फाटली होती, घोटा दुखत होता पण वळत होता. उठायला हवं होतं, पण उठावंसं वाटत नव्हतं. मोबाईल खिशात होता, त्याला रेंज नव्हती. वर, कुठं तरी फार लांब, गाडीचा भोंगा वाजला. आपण इथं असेच पडून राहिलो तर कुणाला कळेल, असा विचार आला आणि त्याची भीतीही वाटली नाही. हेच मला आता आठवलं की कसंसं होतं. नुसता थकवा होता, दुसरं काही नव्हतं.

शेवटी हातापायांवर रांगत वाटेवर आलो. पिशवी आणायला ओढ्यात उतरणं शक्य नव्हतं. वर चढू लागलो आणि थोड्याच वेळात हातांची बोटं कापायला लागली. घाम गार झाला. ओठांना मुंग्या. हे मला माहीत होतं. घरी दोनदा झालं होतं. गोळी पोटात, अन्न नाही, त्यावर एवढी चढण. साखर उतरत होती. घरी असलो की बायको गूळ हातात ठेवते. इथं माझा डबा ओढ्यात होता. मला विनाकारण राग यायला लागला. झाडांचा, वाटेचा, त्या कांद्याच्या मळ्यातल्या माणसाचा. हेही त्याचंच लक्षण असतं.

पुढं मोहाचं मोठं झाड होतं. आधी त्याचा वास आला, मग खाली वाकून फुलं वेचणारी बाई दिसली. साठीची असेल. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, शेजारी टोपली, अर्धी भरलेली. झाडाखालची जमीन तिनं झाडून स्वच्छ केली होती. मी येतोय हे पाल्याच्या आवाजानं तिला आधीच कळलं असावं. ती उभी राहून बघत होती.

"बसा भाऊ, बसा," ती म्हणाली. "पांढरे फटक पडले तुमी."

मी खोडाला टेकून बसलो. जीभ जड झाली होती. "गोड काई हाये का, बाई? शुगर हाये मले."

"शुगर हाये तं गोड काऊन मांगता?"

"उतरली. गोड खा लागते."

तिला ते कळलं की नाही माहीत नाही, पण तिनं टोपलीत हात घातला आणि ओंजळभर मोहाची फुलं माझ्या हातावर ठेवली. "हे खा. रस हाये याच्यात. गुळापरिस गोड."

फुलं ताजी होती, फिकट, द्राक्षासारखी फुगलेली. मी पहिलं तोंडात टाकलं, ते दाढेखाली फुटलं. गोड, आणि मागून एक उग्र वास नाकात चढणारा. मी दुसरं खाल्लं, मग मूठच तोंडात घातली. रस हनुवटीवर येत होता. ती शेजारी उकिडवी बसून माझ्याकडं बघत राहिली. पुन्हा मागितली तेव्हा थोडीच दिली. "लय नका खाऊ. डोकं धरन मंग."

हळूहळू बोटं स्थिर झाली. ओठ परत माझे झाले. मग इतका थकवा आला की तिथंच आडवं व्हावं. तिनं फडक्यातली भाकरी काढली, अर्धी मोडून जवसाची चटणी वर टाकून मला दिली. मी नाही म्हणालो नाही. तिच्या तांब्यातलं पाणीही प्यालो.

"कुठचे तुमी?" तिनं विचारलं.

"बुलढाण्याचा."

"अन् गाडी सोडून पायी काऊन?"

"उगंच."

"उगंच कोनी येत नाई या चढानं," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आमाले तं गाडीवाले थांबतच नाई. गुडघे गेले माहे. वरच्या मोडावर हात दाखवते मी, तं वरच्या वर निघून जातात."

"भरेल गाडी चढावर थांबवता येत नाई, बाई. मांग सरकते."

"तुमाले काय माईत?"

"मी डायवर हाये." हे बोलून झाल्यावर मला ते चुकीचं वाटलं. "व्हतो," मी म्हणालो. "आता नाई चालवत."

"रिटायर झाले?"

"नाई. डोळ्यानं गेलं."

तिनं माझ्या डोळ्यांकडं पाहिलं. बाहेरून काही दिसत नाही. "माह्या मालकाचेबी गेले," ती म्हणाली. "दोनी. आता घरी बसून दोऱ्या वळतो. दिवसभर बोलतो, बाई कोन आलं, बाई कोन गेलं, बाई पानी तापलं का. झोपेतबी बोलतो." ती फुलं चाळवत होती, पानं बाजूला काढत होती. "मी अंधारातच निघते घरून. इथं जरासं निवांत वाटते मले. फुलं पडत राह्यतात, कोनी बोलत नाई."

माझ्या घरी उलट होतं. माझ्या घरी मी बोलत नव्हतो. बायकोला निवांत वाटत असेल की काय वाटत असेल हे मी कधी पाहिलं नव्हतं. भाकरी चावत तोच विचार डोक्यात फिरत राहिला, पण त्याला काही टोक सापडलं नाही. तेवढं बळच नव्हतं.

वरून मधे मधे एखादं फूल पडायचं. पाल्यावर पडलं तर आवाज व्हायचा, झाडलेल्या जमिनीवर पडलं तर नाही. ती उठली, राहिलेली फुलं वेचली, टोपली भरली. "उठा आता," ती म्हणाली. "मोहाखाली लय वेळ बसू नका. मी गेली का अस्वल येते इथं."

"दिवसा?"

"दुपारी नाई येत सहसा. पन त्याचं काय सांगता येते."

तिनं हात लावायला सांगितलं. आम्ही दोघांनी टोपली उचलून तिच्या डोक्यावर ठेवली. ती माझ्या वाटण्यापेक्षा जड होती. तिनं चुंबळ सारखी केली, मान सरळ केली आणि म्हणाली, "हळू जा. तो मोड आला का सावलीत बसा. अन् तिथं हात दाखवा गाडीले, तुमच्यासाठी थांबतीन." मग मी आलो होतो त्याच वाटेनं ती खाली निघाली. दुखऱ्या गुडघ्यांनी, आडवी आडवी, पण एकदाही न थांबता. मी तिचं नाव विचारलं नव्हतं. तिनंही माझं नाही.

एक वाळकी फांदी मोडून काठी केली आणि मी चढू लागलो. आता पाय टाकण्याआधी काठी टेकून पाहायचो. खड्डा असला तर काठी आत जायची. असं म्हाताऱ्यासारखं चाचपत, दर थोड्या पावलांनी थांबत, तिनं सांगितलेल्या मोडावर, दुसऱ्यांदा सडक लागते त्या वळणावर, पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. डांबर तापून वास येत होता.

मी ठरवलं होतं की आता गाडीनं जायचं. मान, अपमान सगळं ओढ्यात गेलं होतं पिशवीबरोबर. सावली बघून उभा राहिलो. बऱ्याच वेळानं मलकापूरकडून येणारी गाडी चढताना दिसली. खच्चून भरलेली. रविवारी लग्नं असतात, दारातही माणसं उभी होती. मी हात वर केला. ड्रायव्हर कोण होता ते दिसलं नाही, काचेवर ऊन होतं आणि माझे डोळे तसे. गाडी वेग न मोडता पुढून गेली. गरम हवा अंगावर आली, धूळ आली, आणि इंजिनाचा आवाज पुढच्या वळणावर जाऊन वळला.

मला राग आला नाही. त्या जागी मीही थांबलो नसतो. तिथं गाडी थांबवली असती तर पुन्हा उचलताना क्लच जळाल्याचा वास सगळ्या गाडीत भरला असता. तरी ती नजरेआड होईपर्यंत हात वरच राहिला होता, तो मी खाली घेतला. पुढची गाडी कधी, हे मला तोंडपाठ होतं. खिडकीत बसून दिवसभर तेच सांगत असतो. तोवर उन्हात उभं राहण्यापेक्षा चढलेलं बरं.

शेवटचा टप्पा सगळ्यात उभा. वाट नावालाच, नुसते खडक. काही ठिकाणी काठी टाकून हात लावावे लागले. या टप्प्याचं मला फारसं काही आठवत नाही. दगडाचा चटका आठवतो. एका भेगेतून निघालेलं उंबराचं झाड आठवतं, त्याच्या मुळ्या धरून वर आलो होतो. तोंडात मोहाचा वास अजून होता. मी काहीही विचार करत नव्हतो. डोळ्यांचा नाही, खिडकीचा नाही. पुढचा दगड, मग त्याच्या पुढचा.

आणि एकाएकी चढ संपला. समोर वाळकं गवत, त्यापलीकडं सडक, सडकेपलीकडं घरं आणि मोबाईलचा टॉवर. वारं लागलं. मी वळून खाली पाहिलं. इथून सगळी वळणं दिसतील, मी जन्मभर ज्या सडकेवर होतो ती एकदा वरून दिसेल असं मनात होतं. पण खाली सगळं धुरकट होतं. वणव्याचा धूर असेल किंवा उन्हाची झाक असेल किंवा माझे डोळे असतील. सडकेचा एक तुकडा चमकला, बाकी काही नाही. थोडा वेळ उभा राहिलो आणि मग सडकेकडं चालू लागलो.

घाटमाथ्यावर चहाची टपरी आहे. टपरीवाले चाचा कित्येक वर्षं माझ्या खिडकीशी चहा आणून द्यायचे. मी बाकावर टेकलो तसं त्यांनी मला नीट पाहिलं आणि फडकं खांद्यावर टाकत जवळ आले.

"ये क्या हाल बनाया, भाऊ? अन् इतके दिवस दिसले नाई. मले वाटलं बदली झाली."

"स्टिअरिंग सुटलं, चाचा. डोळे."

त्यांनी हळहळ केली नाही. "अच्छा," म्हणाले आणि चहा टाकायला गेले. माझा चहा बिनसाखरेचा असतो हे त्यांच्या लक्षात होतं. आज थोडी साखर टाका म्हणालो. कप हातात दिल्यावर ते समोरच उभे राहिले. मग म्हणाले, "बैठो आरामसे," आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले.

मोबाईलला रेंज आली तशी तो वाजायलाच लागला. सगळे मिस्ड कॉल बायकोचे. मी लावला.

"कुठी हा तुमी? फोन काऊन लागत नवता?"

"रेंज नवती. वर आलो आता. टपरीवर हाये."

"जेवले?"

"नाई. डबा ओढ्यात गेला."

तिकडून किल्ल्यांचा आवाज आला. मग ती म्हणाली, "उठू नका तिथून. येते मी."

ती मुलीच्या स्कूटीवर आली. मुलगी पुण्याला गेल्यापासून ती गाडी तीच वापरते, भाजीला, बँकेत, दवाखान्यात. मी कधी त्या गाडीवर बसलो नव्हतो. गाडी स्टँडवर लावून ती माझ्याजवळ आली. फाटकी पँट पाहिली, काळे हात पाहिले, कोपराचं रक्त पाहिलं. ओरडेल असं वाटलं होतं. तिनं पदरानं कोपराची माती पुसली आणि डिकीतून पोळीचा रोल काढून माझ्या हातात दिला. आत गूळ-तूप होतं.

"पडले?"

"हाव."

"किती लागलं?"

"लागलं नाई जास्त. शुगर उतरली व्हती. एका बाईनं मोहाची फुलं देल्ली, भाकर देल्ली."

"कोन बाई?"

मी सांगायला लागलो. ओढ्याचं सांगितलं, पिशवीचं, मोहाखालचं, तिच्या नवऱ्याचं, जो दिवसभर बोलतो. सांगता सांगता लक्षात आलं की ती उभीच आहे आणि ऐकते आहे, मधे एक शब्दही न बोलता. महिनाभरात मी एवढं सलग बोललो नव्हतो. पोळी संपली तसा मी थांबलो.

"दिवसभर बोलतो म्हणते का ती?" बायकोनं विचारलं.

"हाव."

"नशीबवान हाये," ती म्हणाली आणि गाडी काढायला वळली.

मी मागं बसलो. घोटा सुजायला लागला होता, पाय वर घेताना हातानं उचलावा लागला. तिनं गाडी सुरू केली. ती सडकेच्या मधून चालवते आणि हॉर्न फार वाजवते. ट्रक मागून आला तेव्हा माझे दोन्ही पाय आपोआप ताठ झाले. तिनं ट्रकला जाऊ दिलं. वारं लागत होतं आणि माझे डोळे मिटायला लागले होते. पडू नये म्हणून मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"झोपू नका मांगं," ती म्हणाली.

"नाई झोपत."

"उद्या ड्युटी हाये ना तुमची?"

"हाये."

"जाल?"

"पाहू. पाय चालले तं जाईन."

गावात शिरल्यावर तिनं भाजीवालीपाशी गाडी थांबवली. मला गाडीवरच बसायला सांगितलं आणि उतरून वांगी निवडायला लागली. एक एक उचलून, देठ पाहून, बाजूला ठेवत. भाजीवालीशी तिचं काहीतरी बोलणं चाललं होतं, दोघी एकदा माझ्याकडं पाहून हसल्या. मी पाय खाली टेकून गाडी धरून बसलो होतो. ती लवकर येईना, आणि मला काही घाई नव्हती.